अर्थिंगचं पाणी

आमच्या म्हसवडच्या घरात रोज सकाळी दोन ठिकाणी पाणी घातलं जायचं. आधी तुळशीला, मग अर्थिंगला. तुळशीला घागरीतलं ताजं पाणी. अर्थिंगला तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हातपाय धुतलेलं, कसलंही चालायचं. परसात तुळशीपासून चार हातांवर एक लोखंडी पाइप जमिनीतून गुडघ्याएवढा वर आलेला होता. त्याच्या तोंडात पत्र्याचं नरसाळं, आणि त्याला आवळलेली जाड जस्ती तार भिंतीवरून थेट पुढच्या सोप्यातल्या मेन स्विचपर्यंत गेलेली. खाली पुरुषभर खोल खड्ड्यात कोळसा आणि मीठ यांचे थर. तो खड्डा दादांनी स्वतःच्या हातांनी खणला होता. दादा म्हणजे माझे वडील. ते वायरमन होते, आणि म्हसवडात ज्यांच्या घरी वीज आली त्यातल्या निम्म्या घरांत ती दादांच्या हातून आली होती. इस्त्रीच्या किंवा पंख्याच्या लोखंडात कधी वीज उतरलीच, तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता या पाइपातून जमिनीत जावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पण जमीन ओली असेल तरच वीज तिच्यात मुरते, आणि आमच्या माण तालुक्यातल्या जमिनीला ओल म्हणजे काय हे वर्षातले आठ महिने आठवत नाही. म्हणून दादांनी आईला सांगून ठेवलं होतं, तुळशीचं झालं की अर्थिंगचं. आई चेष्टेनं म्हणायची, "एकीला नवसाचं, दुसऱ्याला धुवणाचं. पर दोघंबी घर राखत्यात."

दादा इतर घरांतही हेच सांगायचे. वायरिंग पुरी झाली की घरमालकाला न बोलावता मालकिणीला बोलवायचे, परसात न्यायचे आणि म्हणायचे, "वैनी, हे तुमचं काम. गड्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई." कुणाच्या दारावरून जाताना ते आधी परसात डोकावायचे आणि नरसाळ्याभोवतीची माती बघायचे. कोरडी दिसली तर चहा न घेता निघून यायचे. मला तेव्हा याचा संताप यायचा. मी सोबत असायची आणि मला चहा हवा असायचा.

मी धाकटी. शालनअक्का मोठी, ती घरातलं बघायची. मी मात्र शेपटासारखी दादांच्या मागं असायची. एका जागी बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आजही जमत नाही. सून म्हणते, आई, तुम्ही जेवतानासुद्धा उठून एकदा बटणं बघून येता. खरं आहे. तेव्हा तर माझ्या हाताला काम नसलं की मी चांगलं चाललेलं काहीतरी उघडायची. लाकडी पट्टीवर वायर ठोकायला, होल्डर बसवायला, फ्यूजची तार बांधायला मी न्हाण यायच्या आधीच शिकले. दादांची शिकवायची रीत एकच होती. काम करू द्यायचं, आणि चुकलं की सगळं सोडवून परत करायला लावायचं. ओरडणं नाही, कौतुक नाही. पण दोन गोष्टी त्यांनी मला रागावून सांगितल्या होत्या. पहिली अशी, की कुणाला वीज चिकटली तर त्या माणसाकडं धावायचं नाही, मेनकडं धावायचं. "आई असू दे न्हाईतर बाप असू दे, हात लावलास तर दोघंबी जाशीला." आणि दुसरी, अर्थिंगवर लाईट कधी चालवायची नाही.

ही दुसरी गोष्ट जरा समजावून सांगते. घरात दोन तारा येतात. एकीतून वीज येते, तिला आमच्याकडं गरम म्हणायचे. दुसरीतून ती परत खांबाकडं जाते, ती थंड. थंड तार तुटली तर बल्ब पेटत नाही. मग काही हुशार लोक काय करायचे, थंड तारेच्या जागी अर्थिंगची तार जोडायचे. खांबाकडं जाणारी वीज जमिनीत उतरायची आणि बल्ब पेटायचा. खेड्यापाड्यांत सर्रास चालायचं हे. ज्याला जमलं त्याला लोक लय डोक्याचा म्हणायचे. पण जमीन कोरडी असली की ती वीज खाली मुरत नाही, पाइपातच उभी राहते, आणि ज्या पाइपानं घर राखायचं तोच पाइप चावायला बसतो. दादा असं करणाऱ्यांचं काम सोडून द्यायचे, मग तो कितीही मोठा बागायतदार असो.

त्या उन्हाळ्यात माझं सांगलीला जायचं चाललं होतं. तिथं आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स होता आणि दादांनी फॉर्म आणून ठेवला होता. घरात त्यावरून रोज धुसफूस. आईला ते पसंत नव्हतं, आणि शेजारच्या तात्यांना तर अजिबातच नव्हतं. तात्या म्हणजे पेन्शनीत निघालेले सुभेदार, आमच्याच भिंतीला भिंत लागून राहणारे, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरच्या प्रत्येक गोष्टीत मत असलेले. ते ओट्यावर बसून म्हणायचे, "पोरगी खांबावर चडणार व्हय? उद्या हिला सासर कुटलं, पोलचं?" मी आत भांडी आपटायची. माझ्या डोक्यात सांगलीशिवाय दुसरं काही नव्हतं. रात्रीचं पाणी पिताना, दुपारी शेवया करताना, मला सारखं वाटायचं की इथून निघायचं आहे आणि आपण निघत का नाही.

अशातच एका सकाळी दादा सामान आणायला सांगलीला गेले. संध्याकाळच्या एसटीनं परत येणार होते. आणि दहाच्या सुमारास देवळाकडून एक मुलगा सांगत आला की रहिमतपूरचे पाहुणे सिद्धनाथाच्या दर्शनाला आलेत, जेवायच्या वेळेला तुमच्याकडं येतील, शालनला बघून जातील. रहिमतपूरच्या या स्थळाची बोलणी दोन महिने चालली होती. आईचं तोंड उतरलं. घरात पुरुषमाणूस नाही, पाणी नाही. टँकर चार दिवस आला नव्हता. अर्थिंगचं तर सोडाच, तुळशीलासुद्धा आई वाटीनं पाणी घालत होती. परसातली माती तडकून तिच्या भेगांत बोट जाईल अशी झाली होती. आईनं तात्यांना पुरुषांत बसायला बोलावलं, सुभेदारीणकाकूंकडून दोन घागरी पाणी आणलं, आणि आम्ही तिघी चुलीपाशी लागलो. शेवयांची खीर, मटकीची उसळ, बाजरीच्या पातळ भाकऱ्या, भात, वर शेंगदाण्याचं कूट पेरलेली काकडी. अक्का सारखी पदर सावरत होती. मला मात्र उत्साह आला होता, काहीतरी घडतंय म्हणून.

आणि नेमकी अकरा वाजता लाईट गेली. आमचं मधलं घर म्हणजे खिडकी नसलेली खोली. पाहुण्यांना बसायला तीच, कारण तीच गार. पण पंखा आणि बल्ब नसला तर ती गारही नाही आणि उजेडाचीही नाही. मी बाहेर येऊन बघितलं तर तात्यांकडं रेडिओ चालू. म्हणजे फक्त आमचीच गेली. टेस्टर घेऊन बटणं चालू करून बघितलं, दोन्ही भोकांत टेस्टर पेटला. याचा अर्थ मला लगेच कळला. गरम तार आहे, थंड तुटली आहे, खांबावरच तुटली असणार. तात्यांनी लाईनमनकडं माणूस पाठवला, तो निरोप घेऊन आला की लाईनमन शिंगणापूरकडं गेलाय, उद्या सकाळी येतो.

तात्यांच्या घरातून एक वायर ओढली असती तर काम भागलं असतं. पाच मिनिटांचं काम. हे मला त्याच वेळी सुचलं होतं. पुढं आयुष्यभर मी स्वतःला हे सांगत आले आहे, की सुचलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. पण तात्यांकडून वायर घ्यायची म्हणजे ते ओट्यावर बसून म्हणणार, "एवढी सांगलीला निघाली आन् घरची लाईट न्हाई लागत." ते मला नको होतं. मला त्यांच्या डोळ्यांदेखत लाईट लावायची होती. मेन बंद केला, झाकण काढलं, थंड तारेच्या स्क्रूखाली अर्थिंगची तार घेतली, आवळली, मेन चालू केला. बल्ब पेटला. पंखा फिरला. आईनं चुलीपुढून "लागली बया!" असं ओरडून हात जोडले. तात्या उठून आत आले, वर बघितलं आणि म्हणाले, "आयला, पोरगी हाय का कोण हाय ही!" माझी छाती अशी भरून आली की मला श्वास घेता येईना.

बल्ब नेहमीपेक्षा पिवळा होता आणि पंखा जडपणानं फिरत होता. दादा घरात असते तर उंबऱ्यातूनच त्यांना कळलं असतं की हा उजेड कुठून आलाय. मला कळूनही मी त्याकडं बघितलं नाही. पण भीती नव्हती असं नाही. मी परसात गेले आणि नरसाळ्यावर एक जुनी वेताची बुट्टी पालथी घातली, वर दगड ठेवला. परसात कोण जातंय आज, असं मनाला सांगितलं. तासाभराचा प्रश्न होता. पाहुणे गेले की तार काढून टाकायची आणि दादांना काही सांगायचं नाही.

पाहुणे बारा वाजता आले. मुलगा, त्याची आई, मामा आणि दोन बायका. मुलगा खाली मान घालून बसला होता, मामा बोलत होता. जेवणं झाली, अक्काला बघितलं, पानसुपारी झाली, तरी ते हलेनात. मुलाच्या आईला अक्का पसंत पडली होती आणि तिला आता घरातल्या सगळ्या गोष्टी विचारायच्या होत्या. "धाकटी काय करती?" तिनं विचारलं, आणि तात्या अभिमानानं म्हणाले, "ही लाईट तिनंच जोडलीया, खांबावरची तार तुटली हाय." मी पदर चोळत बसले होते. इतर दिवशी मला केवढा आनंद झाला असता. त्या दिवशी माझं लक्ष मागच्या दाराकडं होतं. एकदा उठून बघून आले. परत बसले. परत उठले. आई डोळ्यांनी दटावत होती, एका जागी बस म्हणून. दीड वाजला, दोन वाजले. अंगाला घाम सुटला होता आणि वर पंखा जडपणानं फिरत होता.

मग मामानं म्हटलं, "सुपारी कवा फोडायची तेवडं सांगा." आईचा चेहरा उजळला. ती पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, चहाला गेली. मोरीत पाहुण्यांच्या हातपाय धुण्याचं पाणी घंगाळभर साठलं होतं. चार दिवस आईच्या जिवाला लागलं होतं की अर्थिंग कोरडं पडलंय. आज आनंदाचा दिवस, पाणीही आहे, आणि दादा आल्यावर त्यांना माती ओली दिसली पाहिजे. तिनं पितळी कळशी भरली आणि परसात गेली. मी मागच्या दारात पोचले तेव्हा दगड बाजूला होता, बुट्टी बाजूला होती. नरसाळ्यात पाचोळा अडकला होता. आईनं अर्धी कळशी ओतली होती आणि पाचोळा काढायला ओल्या हातानं पाइप धरला होता.

ती ओरडली नाही. ती नुसती वाकलेली राहिली आणि हलेना. अनवाणी पाय चिखलात, मान एका बाजूला. तिचे डोळे माझ्याकडं होते.

मी वळले आणि घरात पळाले. मधल्या घरातून, पाहुण्यांच्या मधून, कुणाचा तरी कप पायानं उडवून, सोप्यात. मेन खाली ओढला. पंखा थांबलेला मला ऐकू आला. मग परत मागं. आई जमिनीवर पडली होती, कळशी घरंगळत गेली होती. सगळे धावले. तात्यांनी तिला पालथी-उताणी करून छाती चोळली, काकूंनी कांदा फोडून नाकाला लावला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आईची दातखीळ सुटून ती "पाणी" म्हणाली तेव्हा मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तिच्या उजव्या तळहातावर पाइपाच्या कडेचा चंद्रकोरीसारखा डाग उठला होता. पाहुण्यांकडं बघून ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "काय न्हाई, उनाची चक्कर आली वाईच." आणि त्या गडबडीत, सगळे तिला आत नेत असताना, मी सोप्यात जाऊन अर्थिंगची तार स्क्रूखालून काढून तिच्या जागी लावली. कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी दादा आले. तात्यांनी त्यांना एसटीवरच गाठलं होतं. "तुजी पोरगी आईला सोडून घरात पळाली म्हणून मी शिवी देनार हुतो," तात्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगत होते, "तर तिनं मेन पाडला! आमी सगळे हात लावाय धावलो असतो न् समदे मेलो असतो." दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी असं कधी केलं नव्हतं. म्हणाले, "सांगिटलेलं ध्येनात ठिवलंस." मग त्यांनी विचारलं, "तवा लाईट हुती?" मी म्हटलं, व्हय. "थंड तार तुटल्याली म्हनं तात्या. मग लाईट कशी लावलीस?" मी म्हटलं, "तार हलवली, लागली. परत गेली." ते माझ्याकडं बघत राहिले. पण माझ्यावर त्यांचा विश्वास होता, आणि मी नुकतंच त्यांच्या बायकोला वाचवलं होतं. त्यांनी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी लाईनमननं खांबावरची तार जोडली आणि दादा घर तपासायला लागले. प्रत्येक बटण उघडलं, प्रत्येक सांधा, इस्त्री, पंखा. कुठंच वीज उतरलेली नव्हती. म्हणजे एकच गोष्ट उरली, त्यांच्या हिशेबानं. अर्थिंगच वाईट, कारण वीज कुठूनही आली असती तरी चांगल्या अर्थिंगात ती पाइपात उभी राहिली नसती. खड्डा चुकला, थर चुकले, काहीतरी त्यांच्याच हातून चुकलं, आणि तसलंच अर्थिंग त्यांनी निम्म्या गावात घातलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सायकल काढली आणि टेस्टिंगचा बल्ब घेऊन घरोघर फिरायला लागले. प्रत्येक ठिकाणी जाऊन सांगायचे, "माज्या घरचं अर्थिंग उलटलं. तुमचंबी बघून घेतो. तवर नरसाळ्याला हात लावू नका." लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे. आठ दिवसांत दोन कामं परत गेली. एक काम दादांनी स्वतःच परत पाठवलं. म्हणाले, दुसरा वायरमन बघा.

आणि माझं? माझं सगळं छान चाललं होतं. तात्या ओट्यावर बसून म्हणत होते की पोरीला सांगलीला धाडलीच पाहिजे. आईसुद्धा म्हणाली, जाऊ दे तिला. शालनअक्काची सुपारी ठरली. मी घरात आले की बायका माझी अलाबला घ्यायच्या. मी जेवू शकत नव्हते, बसू शकत नव्हते. कोरड्या विहिरीवर जायची, परत यायची, परत जायची. खरं सांगितलं की सांगली गेली, हे मला दिवसाढवळ्या स्पष्ट दिसत होतं. नाही सांगितलं तर दादा गेले, हेही दिसत होतं. आज माझ्या सांगलीच्या घरात भिंतीवर एक छोटी पेटी आहे. थोडीशी जरी वीज जमिनीकडं गळायला लागली की ती खटकन सगळं बंद करते. नातू वैतागतो, आज्जी हे सारखं का पडतं. मी त्याला म्हणते, पडू दे बाळा. पडतं ते बरं. माझ्या अंगात तसलं काही असतं तर मी पहिल्याच संध्याकाळी पडले असते.

दहाव्या-अकराव्या दिवशी दादा आमच्याच परसातला खड्डा उकरायला लागले. भर दुपारी, डोक्याला पंचा बांधून. मुरूम कुदळीखाली ठिणग्या काढत होता. मी वरून पाट्या ओढत होते. छातीपर्यंत खड्डा झाला, कोळशाचे थर दिसायला लागले. दादांनी त्यातला कोळसा हातात घेऊन कुस्करला, मीठ जिभेला लावून बघितलं. सगळं होतं तसं होतं. ते खड्ड्यातच भिंतीला टेकून उभे राहिले आणि वर माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुमे, तू सांगलीला जा. तितं नीट शिक. माज्याकडनं शिकल्यालं समदं इसर. मला येत न्हवतं, मी उगंच शिकवत बसलो."

मी पाटी टाकली. "दादा, तुमचं काय चुकलं न्हाई. मी अर्थिंगवर लाईट लावली हुती."

कुदळ त्यांच्या हातात होती. मला वाटलं, आता मारतील, आणि मारावं असंही वाटलं. त्यांनी वर बघितलं. घामानं डोळे झोंबत होते, ते मिटले, उघडले. पहिलं वाक्य जे त्यांच्या तोंडून आलं ते असं, "म्हंजी अर्थिंग चांगलं हुतं?"

मी म्हटलं, "व्हय."

ते रडायला लागले. छातीभर खड्ड्यात उभे राहून, पंचा तोंडावर धरून. मग बाहेर आले, सावलीला बसले, तांब्याभर पाणी प्याले. मग फक्त म्हणाले, "खड्डा तू भर. आन् उद्यापासनं माज्यासंगं चल. ज्या ज्या घरी मी सांगून आलोय, तितं तितं जाऊन सांगायचं. आपल्या तोंडानं." सांगलीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

खड्डा भरायला मला तीन दिवस लागले. कोळसा, मीठ, माती, पाणी. हातांना फोड आले. आणि मी दारोदार गेले. परसात नरसाळ्यापाशी उभी राहून प्रत्येक मालकिणीला सांगायची, "दादांचं अर्थिंग बरोबर हाय. चूक माजी हुती. मी आईला मारली असती." काहींनी मला जवळ घेतलं. काहींनी तोंडावर दार लावलं. एक म्हातारी म्हणाली, "अशा पोरीला लाईटच्या कामाला कशाला लावावं." दादा सायकल धरून फाटकाबाहेर उभे असायचे, आत यायचे नाहीत. सगळ्यांत अवघड तात्यांचा ओटा होता, ते माझ्यापेक्षा जास्त शरमले. शेवटच्या घरी मात्र दादांनी आत येऊन नरसाळ्याभोवतीची माती बघितली, ओली होती, आणि ते चहाला थांबले.

आईला मी आधीच सांगितलं होतं, दादांना सांगितलं त्याच दुपारी. ती बाजरी पाखडत होती. सूप थांबलं नाही. पाखडता पाखडता म्हणाली, "मला तुजी पाठ दिसली गं तवा. मी तिकडं मरती आन् पोरगी पळती असं वाटलं." मग सूप खाली ठेवून तिनं तळहात बघितला. "मेनकडं पळालीस ते बरोबर हाय. सगळे सांगत्यात. पर मला ती पाठच दिसती." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं ढकललं नाही, पण हातही फिरवला नाही.

अर्थिंगला मात्र ती जाईना. तुळशीपर्यंत यायची, तिथं थांबायची, वळायची. दादांनी टेस्टिंगचा बल्ब लावून दहादा दाखवलं, तरी नाही. मग टँकर आला त्या सकाळी तिनं मला हाक मारली. कळशी घेऊन तुळशीपाशी उभी होती. "आदी तू हात लाव," म्हणाली. मी अनवाणी ओल्या मातीत उभी राहिले आणि पाइपावर तळहात ठेवला. दादांनी आधी तपासलेलं होतं, मला माहीत होतं की काही नाही, तरी डोळे मिटून घेतले. थंड लोखंड, दुसरं काही नाही. आईनं लांबूनच हात ताणून पाणी ओतलं, माझ्या हातावरून. रोज असं सुरू झालं. ती म्हणायची, हात लाव. मी लावायची. ती लांबून ओतायची. मी पुढं कितीतरी घरांत वायरिंग केलं, कितीतरी पोरापोरींना शिकवलं, आणि प्रत्येकाला बजावलं की हातानं तपासायचं नाही, बल्ब लावून तपासायचं. पण त्या महिनाभर आईसाठी दुसरं कुठलंच तपासणं चाललं नसतं.

मे संपता संपता दादा एका सकाळी फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसले. म्हणाले, "भर." मी आईकडं बघितलं. ती चुलीतला जाळ सारत होती. "भर की," ती म्हणाली, "बगत काय बसलीस."

जूनमध्ये मी सांगलीला निघाले. एसटी आठची होती. दादा ट्रंक सायकलला बांधत होते, अक्कानं भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती, आणि माझं कशातच मन नव्हतं. उंबरा ओलांडून मी चार वेळा आत-बाहेर केलं. तेवढ्यात परसातून हाक आली. आई कळशी घेऊन उभी होती. मी चप्पल काढली, ओल्या मातीत गेले आणि पाइपावर हात ठेवला. ती लांब उभी राहिली नाही. जवळ आली, कळशी खाली ठेवली, आणि आपला डागाचा तळहात माझ्या हाताशेजारी त्या लोखंडावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "जा आता. उद्यापासनं मी एकलीच घालीन."